जमशेटजींचा भटारखाना

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी आपटा मागे टाकून पुढे सरकली की जिते नावाचे छोटेसे स्थानक लागते. पेण तालुक्यातले हे गाव. मुंबई-गोवा महामार्ग हाकेच्या अंतरावर, आणि याच टापूतून पाताळगंगा नदी खाडीला मिळायला निघालेली. या भागातल्या घराघरांचे मुंबईशी नाते जुने. कुणाचा मुलगा तिथे नोकरीला, कुणाची बहीण गिरगावात दिलेली. घरातली मुले पहिल्यांदा मुंबईला नेली की त्यांना राणीचा बाग आणि गेटवे ऑफ इंडिया दाखवायचा, हा तर जणू कुळाचारच.

गेटवेपाशी उभे राहून समुद्र बघून झाला की मुले मागे वळतात आणि समोर दिसते ते ताजमहाल हॉटेल. करड्या दगडाची ती भव्य इमारत आणि तिचा लाल घुमट. मग बरोबरचे काका किंवा मामा हमखास ती गोष्ट सांगतात. जमशेटजी टाटा एकदा गोऱ्या साहेबांच्या हॉटेलात गेले होते. तिथे त्यांना हिंदी माणसाला प्रवेश नाही असे सांगून दारातून परत पाठवण्यात आले. त्याच पावली त्यांनी निश्चय केला की याहून दसपट मोठे हॉटेल बांधून दाखवीन, आणि त्यांनी ते बांधले. ऐकताना मुलांचे डोळे चमकतात, सांगणाऱ्याचाही ऊर भरून येतो.

गोष्ट चांगली आहे. अडचण एवढीच की तिला भक्कम असा समकालीन पुरावा नाही. कुणी ती वॉटसनच्या हॉटेलात घडली असे सांगतो, कुणी दुसऱ्याच हॉटेलाचे नाव घेतो. मुंबईच्या इतिहासाचे अनेक अभ्यासक तिला दंतकथाच मानतात. मग जमशेटजींनी हे हॉटेल बांधले तरी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या साऱ्या आयुष्यात विखुरलेले आहे, आणि खरे सांगायचे तर ते त्या दंतकथेपेक्षा अधिक मोलाचे आहे.

नवसारी ते नागपूर

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेतल्या नवसारी गावचा. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी यांनी मात्र पिढीजात पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. जमशेटजी तेरा-चौदा वर्षांचे असताना वडिलांजवळ मुंबईला आले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि १८५८ मध्ये तिथला अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडले. वाचनाची गोडी त्यांना इथेच लागली आणि ती अखेरपर्यंत सुटली नाही. पुढच्याच वर्षी वडिलांनी त्यांना हाँगकाँगला व्यापार शिकायला धाडले.

त्यानंतर आली ती अमेरिकेतली यादवी. तिथला कापूस बंद झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाशिवाय गत्यंतर उरले नाही. मुंबईत पैशांचा पाऊस पडला. रातोरात बँका आणि कंपन्या निघाल्या. १८६५ मध्ये यादवी संपली आणि हा सारा डोलारा पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. तरुण जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते. हातातल्या हुंड्यांना कवडीची किंमत राहिली नव्हती. पण ते पळाले नाहीत. सावकारांसमोर बसून त्यांनी सगळा हिशेब उघडा मांडला. त्यांचा सचोटीपणा पाहून सावकारांनी देणी निस्तरण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले. मुंबई कशी चढते आणि कशी पडते, हे त्यांनी सव्विसाव्या वर्षीच पाहून घेतले.

१८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी काढली. पुढच्या वर्षी चिंचपोकळीची एक बुडीत निघालेली तेलाची गिरणी विकत घेऊन तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांत ती नफ्याने विकली. मग ते लँकेशायरला जाऊन कापडाचा धंदा मुळापासून शिकून आले. नवी गिरणी मुंबईतच काढतील असे सर्वांना वाटत होते. त्यांनी निवडले नागपूर. जिथे कापूस पिकतो आणि जिथे कोळसा जवळ आहे तिथे गिरणी, असा हा साधा हिशेब होता. १ जानेवारी १८७७ रोजी तिथे एम्प्रेस मिल सुरू झाली. ती चालवायला त्यांनी बेझनजी मेहतांना नेमले. बेझनजी रेल्वेतून आलेले, त्यांना कापडधंद्याची माहिती नव्हती. पण जमशेटजींना माणसाची पारख होती. या गिरणीत मोकळ्या हवेची सोय झाली, नव्या पद्धतीच्या चात्या आल्या आणि कामगारांसाठी निवृत्तिनिधी सुरू झाला. कायद्याने असे काही करायला भाग पाडण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

१८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची धरमसी मिल घेतली. ती इतकी मोडकळीला आलेली होती की तिने जमशेटजींनाही बुडवायचेच बाकी ठेवले. त्यांनी ती चिकाटीने उभी केली आणि तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. बंद पडलेली तेलगिरणी, मोडकी कापडगिरणी... पडलेले उभे करायचे ही त्यांची खोडच म्हणायला हवी. पुढे त्यांच्यासमोर एक अख्खे शहर पडले, तेव्हाही त्यांची हीच खोड कामाला आली.

हॉटेल म्हणजे काय?

आपल्याकडे हॉटेल म्हटले की डोळ्यांसमोर येते ते चहा-भजीचे. परगावी मुक्काम करायचा तो नातेवाइकांकडे, नाहीतर धर्मशाळेत. एकट्या माणसाला जेवायला खाणावळ होती. पैसे मोजून परक्याच्या छपराखाली झोपायचे, ही कल्पनाच आपल्या घरांना परकी. मुंबईत कामासाठी येणाऱ्या मराठी मंडळींना क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह परिचयाचे होते. लोकमान्य टिळकांचा मुंबईतला मुक्काम तिथे असे, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी अखेरचा श्वासही तिथेच घेतला.

साहेबांची हॉटेले निराळी. त्यांत सर्वांत दिमाखदार होते ते काळा घोड्याजवळचे वॉटसनचे हॉटेल. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडलेला. १८७१ च्या सुमारास ते सुरू झाले. १८९६ च्या जानेवारीत अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन तिथे उतरला आणि सज्जात येणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर त्याने पानेच्या पाने लिहिली. त्याच वर्षी ७ जुलैला लुमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली तीही याच हॉटेलात, एक रुपया तिकीट लावून. असे हे नामवंत हॉटेल, पण तोवर त्याची रया जाऊ लागली होती. मुंबईत धड राहायला जागा नाही, अशी खुद्द युरोपियन प्रवाशांचीच तक्रार असे.

अमेरिकेत मात्र हॉटेलाकडे पाहण्याची रीत वेगळी होती. तिथे राजे नव्हते, त्यामुळे राजवाडेही नव्हते. शहराची शान दाखवायची ती हॉटेलातून. बॉस्टनचे ट्रेमाँट हाउस १८२९ मध्ये उघडले. खोलीला स्वतंत्र कुलूप, हात धुवायला साबण, घरातच शौचकूप, या आज किरकोळ वाटणाऱ्या सोयींचे तेव्हा केवढे अप्रूप! मग न्यूयॉर्कला ॲस्टर हाउस झाले. रेल्वे जसजशी पश्चिमेकडे सरकली तसतसे नव्या गावांतले व्यापारी एकत्र येऊन आधी चांगले हॉटेल बांधू लागले. हॉटेल म्हणजे गावाची पत, हे त्यांचे गणित. शिकागोचे पामर हाउस १८७१ मध्ये उघडले आणि तेरा दिवसांत त्या शहराच्या प्रचंड आगीत भस्मसात झाले. मालक पॉटर पामर याने ते पुन्हा, आणि आधीपेक्षा मोठे बांधले. जळालेल्या शहराने पुन्हा उभे राहायचे ठरवले आहे, याची ती जगाला दिलेली ग्वाहीच होती.

असाच प्रसंग पुढे मुंबईवर आला.

प्लेगचे दिवस

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना एक वेगळाच ताप आढळला. तो प्लेग होता. पाहता पाहता त्याने शहर ग्रासले. लोक मिळेल त्या वाटेने पळत सुटले. आगगाड्या भरल्या, कोकणात जाणाऱ्या बोटी भरल्या. गिरण्यांचे भोंगे वाजत, पण आत जायला कामगार नसत. सरकारी तपासण्या, घरांची मोडतोड, माणसांना उचलून छावण्यांत नेणे, या सगळ्याने लोक रोगाइतकेच सरकारलाही भिऊ लागले. पुण्यात तर त्यातून १८९७ मध्ये रँडचा वध झाला. परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहू लागली. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढणे हाच ज्याचा स्वभाव, ते शहर आक्रसले होते.

ज्याला शक्य होते तो मुंबईतून पैसा आणि माणसे बाहेर काढत होता. अशा वेळी, १८९८ मध्ये, एकोणसाठ वर्षांच्या जमशेटजींनी अपोलो बंदराजवळ समुद्रात भराव घालून केलेली जमीन ९९ वर्षांच्या कराराने घेतली आणि तिथे हॉटेल बांधायचे ठरवले. पैसा कंपनीचा नव्हता, स्वतःचा होता. मुलांनाही याची कल्पना आधी नव्हती म्हणतात.

घरच्यांना हा उद्योग रुचला नाही. त्या वेळी जमशेटजींच्या डोक्यात तीन प्रचंड कामे होती: पोलादाचा कारखाना, विज्ञानाची उच्च शिक्षणसंस्था आणि पाण्यापासून वीज. त्यांची एक बहीण गुजरातीत त्यांना टोचून बोलल्याची आठवण टाटा परिवारात सांगितली जाते. विद्यापीठ काढणारा, कारखाने काढणारा माझा भाऊ आता भटारखाना काढणार का, असा तिचा सवाल होता. बहिणीचा हक्कच तो! जमशेटजींनी वाद घातला नाही आणि कामही थांबवले नाही.

टाइम्स ऑफ इंडियाचे तेव्हाचे संपादक लव्हॅट फ्रेझर हे जमशेटजींचे स्नेही. हॉटेलाची मालकी मिरवण्यात जमशेटजींना रस नव्हता. लोकांनी हिंदुस्थानात यावे आणि मुंबईची शोभा वाढावी एवढाच त्यांचा हेतू होता, अशा अर्थाची साक्ष त्यांनी दिली आहे. प्लेगने मुंबईची अब्रू गेली होती. ती परत मिळवायची तर जगाने पुन्हा इथे येऊन राहिले पाहिजे, हा त्यामागचा विचार.

वैद्यांचा आराखडा

या इमारतीचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाने केला, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. बोरीबंदरचे व्हिक्टोरिया टर्मिनस उभे राहत असताना त्यांनी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या हाताखाली काम केले होते. ताजच्या कामात त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा होते. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी यांचे. आत शिरल्यावर अधांतरी तरंगल्यासारखा दिसणारा जो जिना आहे, त्याचे श्रेय सोराबजींनाच देतात. वैद्यांना मात्र पुरी इमारत पाहणे नशिबी नव्हते. १९०० मध्ये हिवतापाने त्यांचे निधन झाले. पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने पुरे केले.

इथे दुसरी एक दंतकथा डोके वर काढते. नकाशा उलटा वाचला गेला, इमारतीचे तोंड चुकून शहराकडे झाले आणि ते पाहून इंग्रज शिल्पकाराने घुमटावरून उडी टाकली, असे सांगतात. तसे काही घडले नाही. घोडागाड्या शहराकडून येणार म्हणून दरवाजा शहराच्या बाजूला होता, आणि जास्तीत जास्त खोल्यांना खाडीचा वारा मिळावा अशी रचना मुद्दाम केलेली होती. पंख्यांच्याही आधीच्या काळात घडलेल्या कारागिरांना वाऱ्याची किंमत कळत होती. एका मराठी वास्तुविशारदाच्या शहाणपणाचे आपण चुकीत रूपांतर केले आणि त्याचे नाव विसरून गेलो, हे काही भूषणावह नाही.

सामानसुमान जमवायला जमशेटजी स्वतः फिरले. विजेची यंत्रे जर्मनीतून, पंखे अमेरिकेतून, लोखंडी खांब पॅरिसहून. शहराला वीज पुरवणारी कंपनी १९०५ मध्ये निघाली. ताजने त्याआधीच आपली वीज आपण तयार केली. बर्फ तयार करण्याचे यंत्र होते, उद्वाहक होते, स्वतःचे धुलाईघर होते, तुर्की स्नानगृहे होती. १९०२ मध्ये पोलादाच्या कामासाठी ते अमेरिकेला गेले तेव्हा मुंबईत ताजच्या भिंती चढत होत्या.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. सारी इमारत अजून पुरी झालेली नव्हती. पहिल्या दिवशी अवघे सतरा पाहुणे होते, असे सांगतात. गेटवे ऑफ इंडियाचा तेव्हा पत्ताही नव्हता. तो पुरा झाला १९२४ मध्ये. बोटीने मुंबईला येणाऱ्याला लांबून पहिल्यांदा दिसे तो ताजचा घुमट. आणि मुख्य म्हणजे, दारात कातडीचा रंग विचारला जात नसे. हिंदी आणि युरोपियन पाहुणे एकाच जिन्याने वर जात. अपमानाच्या गोष्टीत काही तथ्य असलेच, तर त्याला दिलेले उत्तर हे असे होते. त्यांनी गोऱ्यांना बंदी केली नाही. सर्वांना दार उघडले.

एकच स्वप्न पुरे

जमशेटजींची प्रकृती तोवर ढासळली होती. उपचारांसाठी ते युरोपात गेले आणि १९ मे १९०४ रोजी जर्मनीतल्या बाड नाउहाइम या गावी त्यांचे निधन झाले. हॉटेल उघडून पाच महिने झाले होते. पोलादाची कंपनी निघाली १९०७ मध्ये. बंगलोरची विज्ञानसंस्था १९०९ ची. विजेची कंपनी १९१० ची. चार मोठ्या स्वप्नांपैकी त्यांनी डोळ्यांनी पुरे झालेले पाहिले ते एकच, बहिणीने हिणवलेला तो भटारखाना.

त्या भटारखान्याने पुढे बरेच काही पाहिले. पहिल्या महायुद्धात तिथे जखमी सैनिकांचे रुग्णालय झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेकी आत शिरले आणि ताजमध्ये ३१ जणांचे प्राण गेले. पाहुण्यांना वाचवताना तिथल्या कर्मचाऱ्यांनी जीव दिला, हे साऱ्या जगाने पाहिले. जळालेली जुनी इमारत दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडली. पडलेले उभे करायचे, ही संस्थापकाची खोड वास्तूतही उतरली म्हणायची. वॉटसनच्या हॉटेलाच्या नशिबी मात्र ते आले नाही. हॉटेल बंद पडून तिथे कचेऱ्या आणि बिऱ्हाडे आली, आणि २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. न्यूयॉर्कचे प्रख्यात जुने वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया तर १९२९ मध्येच पाडले गेले आणि त्या जागेवर एम्पायर स्टेट बिल्डिंग उठली. हॉटेले अशी येतात आणि जातात; ज्याच्याशी शहराचा जीव जडतो ते टिकते.

आता पुन्हा जित्याकडे वळू. डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या गृहस्थांनी जमशेटजींना लोणावळ्याच्या पावसाच्या पाण्यापासून वीज करण्याची कल्पना सुचवली होती. त्यांच्या मुलांनी आणि सहकाऱ्यांनी ती तडीस नेली. घाटमाथ्यावर पाणी अडवून ते नळांतून खाली सोडले, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. चाके फिरवून झालेले ते पाणी पाताळगंगेत उतरते. एरवी घाटापलीकडे पूर्वेला वाहून गेले असते, ते या नदीला बारमाही करीत आपल्या दारावरून खाडीकडे जाते. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह झाले आणि तिकडचे पाणी कुंडलिकेतून रोह्याला आले. त्याची किंमत मुळशीच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी देऊन मोजली, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात त्यांनी सत्याग्रह केला, हेही विसरता येत नाही. जमशेटजी तेव्हा हयात नव्हते. पण मोठ्या स्वप्नांच्या हिशेबात हीही बाजू लिहावी लागते.

तेव्हा पुढच्या खेपेला मुलांना घेऊन गेटवेवर गेलात आणि ती मागे वळून ताजकडे पाहू लागली, की अपमानाची गोष्ट जरूर सांगा; पण ती लोक सांगतात अशी गोष्ट आहे, हेही सांगा. आणि तिला जोडून प्लेगची गोष्ट सांगा. सगळे शहर सोडून पळत असताना एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाने याच शहरात, स्वतःच्या पैशाने, पाहुण्यांसाठी घर बांधायला घेतले, ही गोष्ट. सीताराम खंडेराव वैद्यांचे नावही त्यांच्या कानावर घाला. परतीच्या गाडीत आपट्याच्या पुढे पाताळगंगा दिसेलच. तिच्याकडे बोट दाखवून उरलेली गोष्ट तिथे पुरी करता येईल.